खलास म्हटल्यावर थांबायचं

बर्फाच्या रिंकच्या ऑफिसमधून फोन आला, की सतरा नंबरचं कपाट वर्षभर कुणी उघडलेलं नाही, त्यात काय असेल ते घेऊन जा, आम्हाला ते दुसऱ्यांना द्यायचं आहे. शुक्रवारची सकाळ होती. कपडे वाळत घालून झाले होते, दुसरं काम नव्हतं. मी राहते त्या अल अमेरातहून डोंगराचा रस्ता चढून पलीकडे उतरलं की मस्कत. जूनमध्ये सकाळी नऊलाच गाडीच्या दाराला हात लावता येत नाही, आणि माझ्या मागच्या सीटवर जाड जॅकेट पडलेलं असतं. ते बारा महिने तिथे असतं. मी माशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मालाची प्रत तपासते, दिवसातून चार वेळा उणे अठरात जाते. कर्लिंगच्या टीममध्ये मला घेतलं त्याचं खरं कारण ते जॅकेट.

कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ. वर मूठ बसवलेला, वीस किलोच्या आसपासचा, घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइटचा दगड. तो एका टोकाहून सोडायचा. दुसऱ्या टोकाला बर्फाखाली वर्तुळं रंगवलेली असतात, त्यांना घर म्हणतात. घराच्या मध्याच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड थांबेल, गुण त्यांचे. दगड चालत असताना दोघीजणी त्याच्या पुढे ब्रशने बर्फ घासत धावतात. घासलं की दगड लांब जातो, नाही घासलं तर आधी थांबतो. सोलापूरच्या बहिणीला हे सगळं फोनवर समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मस्कतला जाऊन तू फरशी पुसतेस?"

"हो," मी म्हटलं, "पण देशातर्फे."

कपाटात दोन ब्रश निघाले, एका हाताचा मोजा, कडक झालेला टॉवेल आणि निळ्या झाकणाचा एक रिकामा डबा. डबा उघडला तर आत अजून नारळाच्या दुधाचा आंबूस वास होता. प्लास्टिक वास धरून ठेवतं, त्यात नवल काही नाही. मी झाकण लावलं आणि जरा वेळ बाकावर बसले.

रिंकवर कुणाच्या तरी वाढदिवसाची पोरं स्केटिंग करत होती, भिंतीला फुगे लावले होते. आमची वर्तुळं खरवडून काढून वर नवा बर्फ चढवलाय. फाटकाजवळ मात्र निळ्या रंगाची एक बोटभर कमान राहून गेली आहे. माहीत नसेल त्याला ती डाग वाटेल.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगण्यात अर्थ नाही. मरियम नावाची ओमानी मुलगी, शाळेत खेळ शिकवते, तिने आम्हाला गोळा केलं, एवढं पुरे. या देशात काही वर्षं सलग राहिलेल्या बाईला देशातर्फे खेळता येतं असा नियम होता, आणि आम्ही तर इथे अर्धं आयुष्य काढलेलं. चौघी होतो. मरियम, फिलिपिन्सची नर्स लेनी, मी आणि जुबेदा.

जुबेदा हर्णैची. रुवीतल्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून अबाये, म्हणजे बायकांचे काळे झगे, शिवायची. तिच्याइतकी सरळ नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. दगड सरळ जात नाही, शेवटी शेवटी वळतो. किती वळेल ते आधी ओळखावं लागतं. जुबेदा एक डोळा बारीक करून बर्फाकडे बघायची आणि म्हणायची, "हा कापडासारखा आहे गो बाय. याचा धागा डावीकडे ओढतो." आणि तो डावीकडेच ओढायचा. म्हणून शेवटचे दगड तिचे. लेनी आणि मी घासणाऱ्या.

चौघींच्या चार भाषा. पहिल्या आठवड्यात एकमेकींचं काही कळेना, तेव्हा दोन शब्द ठरवले, इथे जन्मलेल्या मांजरालाही कळतील असे. यल्ला म्हणजे चला, घासा. खलास म्हणजे सोडा, ब्रश उचला.

पण खलास म्हणायची वेळ आमच्यावर क्वचित यायची. खऱ्या कर्लिंगच्या बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून दाणे उठवतात, दगड त्या दाण्यांवरून धावतो. आमच्याकडे बागेला औषध मारायचा पंप होता आणि नळाचं पाणी. दाणे उठायचे ते कुठे ज्वारीएवढे, कुठे नाहीतच. त्यातून आदल्या दिवशी पोरांनी स्केट्सनी सगळं कुरतडलेलं. दगड अर्ध्यावर यायचा आणि बैल बसावा तसा बसायचा. पहिले सहा महिने आमचा एकही दगड न घासता घरापर्यंत पोचला नाही. मग आम्ही सुटला दगड की घासायचंच, असं करून टाकलं. खांदे भरून यायचे. लेनी म्हणायची, माझ्या पेशंटना इतकं घासून पुसलं असतं तर ते पळून गेले असते.

त्या दिवसांचा वास मला अजून वेगळा काढता येतो. रबरी चटया, ओली लोकर, पॉपकॉर्नचं तेल, मरियमच्या कपड्यांतला बखूरचा धूर. उन्हाळ्यात बाहेरचं दार उघडलं की गरम हवा आत शिरायची आणि बर्फावर गुडघाभर धुकं उभं राहायचं. पलीकडच्या टोकाला उभी असलेली जुबेदा कमरेपासून वरच दिसायची. धुक्यातून दगडाचा आवाज यायचा, जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसा. सराव संपवून बाहेर आलं की चष्मा पांढरा व्हायचा. जुबेदा आणि मी, दोघी आंधळ्या होऊन फुटपाथवर उभ्या. मग कडेच्या तापलेल्या कठड्यावर बसून बोटं शेकायची आणि निळ्या झाकणाचा डबा उघडायचा. सांदण असायचं त्यात. मी दोन खायचे. जुबेदा म्हणायची, "एकटी राहतेस म्हणून उपाशी राहायचा नियम आहे काय?" मग तिसरंही खायचे.

एकटी राहते हे खरं आहे. मिस्टर पुण्याला परत गेले, मी गेले नाही. त्याची कारणं आता मलाही नीट लागत नाहीत. मुलगा जर्मनीत आहे. रविवारी फोन करतो आणि मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवतो. मी याबद्दल कधी तक्रार केली नाही. कामाला जाणाऱ्या बाईला तक्रार करायला वेळ नसतो, असं मी म्हणत असे.

रमजानमध्ये आम्ही इफ्तारच्या आधीचा तास घ्यायचो, कारण तेव्हा रिंक ओस असायचं. जुबेदा आणि मरियमचा रोजा. लेनी आणि मी पाण्याच्या बाटल्या कपाटात लपवून जाऊन जाऊन पिऊन यायचो. एकदा जुबेदाने पकडलं. "लपवताय काय? मी काय बर्फ चाटणार आहे?" ती म्हणाली. हिवाळ्यात मला कामासाठी खाबुऱ्याला जावं लागे, तिथल्या किनाऱ्यावर माल बघायला. जुबेदा बरोबर यायची. माशाचा कल्ला उचलून बघायची तिची पद्धत माझ्याहून चांगली होती, मी सर्टिफिकेटवाली असून. आणि एका ऑगस्टमध्ये आम्ही चौघी सलालाहला गेलो. धुकं, हिरवे डोंगर, रस्त्याच्या कडेला शहाळ्यांचे ठेले. एका ठेल्यापाशी जुबेदाने शहाळं हातात घेतलं आणि प्यायलीच नाही. माडांकडे बघत राहिली. मरियम म्हणाली, "खाला, पी ना." ती म्हणाली, "पिते. थांब जरा." मी गाडीत जाऊन बसले. मला तेव्हाच कळलं होतं की ही इथे राहणार नाही.

पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेसाठीची विभागीय पात्रता फेरी मस्कतला ठरली. आमच्याच रिंकवर. सहा टीम, पहिल्या दोन पुढे जाणार. मरियमने ही बातमी दिली त्याच आठवड्यात इस्माईलभाईंनी, म्हणजे जुबेदाच्या नवऱ्याने, मला चहाला बोलावलं. तीस वर्षं ते रुवीत एकाच अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, हार्डवेअरच्या दुकानात होते.

"ताई, आता पुरे झालं," ते म्हणाले. "हर्णैला घर बांधून पडलंय. त्यात पाली राहतात. भाड्याशिवाय."

"त्या पालींना तुमची आठवण येत नसेल," जुबेदा आतून म्हणाली. "मला इथे राहायचंय अजून."

"अर्बाब म्हणतो, इस्माईल, अजून एक वर्ष थांब. ही म्हणते थांब. माझे गुडघे म्हणतात चल." ते हसले. "म्हणून मी काय ठरवलं, की दगडावर सोडायचं. तुम्ही पुढे गेलात तर एक वर्ष राहतो, जुबेदाला जगाच्या स्पर्धेत खेळू दे. नाही गेलात तर यल्ला, हर्णै. बोला."

दोघंही माझ्याकडे बघत होती. मी कप खाली ठेवला. "बरं आहे," म्हटलं, आणि चहा चांगला झालाय असं म्हटलं. मग घरी आले.

त्या दिवसापासून माझ्यापुरती ती स्पर्धा एका वर्षाची झाली. बावन्न शुक्रवार. मी कुणाला तसं म्हटलं नाही, घासायला मात्र अर्धा तास आधी जाऊ लागले.

स्पर्धेच्या आधी थंड देशातून दोन माणसं आली, बर्फ तयार करणारी. त्यांनी आठ दिवस रिंक बंद ठेवलं. आमचा बर्फ खरवडून टाकला, शुद्ध केलेल्या पाण्याचे ड्रम आणले, वर्तुळं नव्याने रंगवली. पाठीवर टाकी बांधून एकजण मागे मागे चालत हात हलवत थेंब शिंपडायचा, शेतात पेरणी करावी तसा. आम्हाला काचेतून बघायची परवानगी होती. नवव्या दिवशी एक तास सराव मिळाला. जुबेदाने पहिला दगड नेहमीच्या जोराने सोडला, आम्ही नेहमीसारख्या घासत सुटलो, आणि तो घरातून आरपार जाऊन मागच्या फोमवर आदळला. दुसरा तसाच. तिसराही. तीन वर्षं ज्या जागी खेळलो तिथे आम्ही पाहुण्या झालो होतो. बाकीच्या टीम असल्या बर्फावर शिकलेल्या. त्यांना काहीच वेगळं वाटत नव्हतं.

दोघांतला म्हातारा माणूस माझ्याजवळ आला. "तू ताकदवान आहेस," तो म्हणाला, "पण इथे कमी कर. याला घासायची गरज नाही, याला सोडायची गरज आहे." मी मान हलवली. डोक्याला समजलं होतं. पण माझे खांदे तीन वर्षं दुसरंच शिकले होते.

पहिले दोन सामने आम्ही हरलो. दुसऱ्या सामन्यात एक गोष्ट झाली. जुबेदाच्या बुटाचं टोक चालत्या दगडाला लागलं. पुसटसं, समोरच्या टीमने पाहिलं नव्हतं, मीही नाही. कर्लिंगमध्ये अशा वेळी पंच शिट्टी मारत नाही. जिचा पाय लागला तिने स्वतः सांगायचं, असा रिवाज आहे. जुबेदाने हात वर केला, "माझा लागला," म्हणाली आणि आपलाच चांगला दगड बाजूला सरकवून ठेवला. स्टँडमध्ये इस्माईलभाईंनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आम्हाला गुण मिळाला.

मग हळूहळू हात बसला. मरियम घरात उभी राहून खलास, खलास ओरडायची, आम्ही ब्रश उचलायचो, आणि दगड स्वतःच्या मनाने चालत जाऊन जागेवर थांबायचा. बघायला विचित्र वाटायचं. काहीही न करता ते घडत होतं. पुढचे दोन सामने जिंकलो. शेवटचा सामना जिंकला असता तर आम्ही दुसऱ्या आलो असतो.

शेवटच्या फेरीत गुण सारखे. घरात मध्यापासून हातभर अंतरावर त्यांचा दगड. आमचा एक दगड उरला होता, जुबेदाचा. त्याला फक्त जाऊन मधोमध थांबायचं होतं. कुणाला धडकायचं नव्हतं, वळसा घालायचा नव्हता. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कठीण गोष्ट.

जुबेदाने डोळा बारीक केला, बसली, सरकली, सोडला. दगड माझ्या शेजारून निघाला तेव्हा मला त्याचा वेग दिसला. हळू होता. मला तो मरताना दिसला. अर्ध्यावर थांबलेले आमचे शेकडो दगड मी पाहिले होते, आणि हा तसाच आहे अशी माझी खात्री झाली. मरियम पुढून ओरडली, "खलास! खलास!" लेनीने ब्रश उचलला. मागून जुबेदा ओरडली, "सोड गो! खलास! चालतोय तो!"

मी घासत राहिले. एकटी. वाकून, सगळं वजन ब्रशवर टाकून. दगड मधल्या ठिपक्यावर आला, आणि एक क्षण वाटलं, झालं. मग तो पुढे गेला. फार नाही. दोन हात. तिथे थांबला.

समोरच्या मुली हात मिळवायला आल्या. चांगल्या होत्या, एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही हात मिळवले. जुबेदा माझ्याजवळ आली.

"ऐकू नाही आलं तुला?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत होती. "आवाज होता खूप," ती म्हणाली आणि माझ्या हातातून ब्रश घेतला.

आवाज नव्हता. स्टँडमध्ये बावीस माणसं होती. मी मोजली होती. बाकी बर्फ गार ठेवणाऱ्या मशीनची घुमघुम.

एअरपोर्टवर मी जुबेदा आणि इस्माईलभाईंच्या खोक्यांना सुतळी बांधली. "शिलाई मशीनचं डोकं केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत," म्हटलं. "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव. उतरल्यावर मेसेज कर." इस्माईलभाई म्हणाले, "ताई, या हर्णैला, पाली हाकलून ठेवतो." जुबेदा आत जाताना एकदा वळली. मी पार्किंगचं तिकीट शोधत होते.

नंतर लेनी आयर्लंडला गेली. मरियमला मुलगी झाली. मी शुक्रवारी कपडे धुते.

कपाटातलं सामान गाडीत टाकलं आणि जुबेदाला फोन लावला. शुक्रवारी लावतेच. आम्ही एकमेकींना तब्येती विचारतो, माशांबद्दल बोलतो.

"कुठे आहेस गो?"

"रिंकच्या बाहेर. कपाट रिकामं करायला आले होते."

"मरू दे ते कपाट. इथे होड्या वर काढल्यात, ताजं काही मिळत नाही. सुकट खातो नुसती. इस्माईल म्हणतो, मस्कतला बरे होतो."

"जुबेदा," मी म्हटलं, "मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"खलास. मरियम म्हणाली, तू म्हणालीस. दोन्ही ऐकू आलं होतं. तरी घासलं."

पलीकडे कुठेतरी कावळा ओरडत होता.

"मग? मला माहीत नव्हतं होय?" ती म्हणाली. "रिकामं स्टँड आणि एक मशीन. त्यात कुणाला ऐकू येत नाही?"

"रागावली नाहीस?"

"रागावले तर. विमान उतरेपर्यंत रागावले होते. पण दगडासाठी नाही, खुळे. दगड काय, कधी जातो, कधी राहतो."

"मग कशासाठी?"

"इस्माईलने तुला घरी बोलावलं कशाला? चहा पाजायला? मी महिनाभर सांगत होते, त्याने ऐकलं नाही. म्हटलं ताई सांगेल, तिचं ऐकेल. तो शेजारणीच्या कोंबडीलाही नाही म्हणत नाही. तुझ्या एका शब्दावर वर्ष काय, दोन वर्षं थांबला असता. आणि तू काय बोललीस? 'बरं आहे.' चहा चांगला झालाय."

बावन्न शुक्रवारांसाठी मी खांदे मोडून घेतले होते, तोंड मात्र उघडलं नव्हतं.

"आता म्हण," जुबेदा म्हणाली.

"आता काय उपयोग?"

"उपयोग नाहीच. तरी म्हण. मला ऐकायचंय."

गाडीच्या एसीचा आवाज मोठा होता. मी इंजिन बंद केलं. पार्किंगमध्ये उन्हाशिवाय कुणी नव्हतं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "थांब ना अजून. मला इथे दुसरं कुणी नाही."

पलीकडे सूप सरकवल्याचा आवाज आला.

"हां," मग ती म्हणाली. "सुकट निवडायची राहिलीय माझी."

पण फोन तिने ठेवला नाही. तो बाजूला कुठेतरी टेकवला असावा. सुपात सुकट पडल्याचा बारीक, कोरडा आवाज येऊ लागला, मध्येच ती खोकली, इस्माईलभाईंनी काहीतरी विचारलं आणि तिने "आहे, फोनवर आहे," असं उत्तर दिलं. गाडी तापत चालली होती. मी काच खाली केली आणि फोन कानाला तसाच धरून बसून राहिले.